जुन्या ब्रिटिश रेल्वेची चार छायाचित्रे : ओळख पटवण्यासाठी आणि काळ ठरवण्यासाठी मदत हवी

लेस्टरकर

गेल्या महिन्यात इथल्या आठवडी बाजारात जुन्या सामानाच्या एका टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत रेल्वेची त्रेचाळीस छायाचित्रे होती आणि डब्यासकट सगळ्यांचे मिळून तीन पौंड सांगितले गेले, त्यामुळे घासाघीस करण्याचा प्रश्नच आला नाही. ती कोणाची, कुठली, हे विकणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हते. कुठल्याशा घराची आवराआवर करताना निघालेला ऐवज होता, एवढेच कळले. बरीचशी छायाचित्रे फलाटांची आणि मालगाड्यांची आहेत, काही हललेली आहेत. चार मात्र डोक्यातून जात नाहीत, म्हणून ती इथे देत आहे.

चित्र १ : फलाटाच्या टोकाशी उभे असलेले, माशासारख्या निमुळत्या तोंडाचे इंजिन. क्रमांक ६००२२. मागे शाईने ‘मॅलर्ड, १९३८’ असे लिहिलेले आहे.

चित्र २ : लंडनच्या यूस्टन स्थानकासमोरच्या दगडी महाद्वाराचे पोस्टकार्ड. अर्ध्या पेनीचे तिकीट, शिक्का पुसट. प्रकाशक डंडीचे व्हॅलेंटाइन.

चित्र ३ : एकटेच इंजिन, मागे पांढरी पोकळी, झाड नाही, भिंत नाही. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवर, ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरे आहेत. खरे सांगायचे तर ही अक्षरे दिसली म्हणूनच मी डबा उचलला.

चित्र ४ : एका अरुंद खोऱ्यात उभी असलेली छोटी गाडी. इंजिनाच्या कपाळावर भलामोठा दिवा, डब्यांना टोकाशी व्हरांडे, पुढे डोक्याला घट्ट बसणारी टोपी घातलेली एक स्त्री. उजव्या वरच्या कोपऱ्यात काळा डाग आहे, बहुधा ओल लागलेली असावी. मागची बाजू कोरी आहे.

आगवाला

पहिल्या चित्रामागचे १९३८ हे साल प्रथम मनातून काढून टाकावे. इंजिन मॅलर्डच आहे, याबद्दल शंका नाही. परंतु ३ जुलै १९३८ रोजी स्टोकच्या उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रमी वेग गाठला तेव्हा या इंजिनाचा क्रमांक ४४६८ होता. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९४६ मध्ये आपल्या सगळ्या इंजिनांचे क्रमांक नव्याने लावले, त्यात मॅलर्डच्या वाट्याला २२ आला. पुढे १ जानेवारी १९४८ रोजी राष्ट्रीयीकरण झाले आणि चार मोठ्या कंपन्यांची इंजिने एकाच वहीत आली. दोन इंजिनांचा क्रमांक एकच येऊ नये म्हणून सदर्नच्या क्रमांकांत ३०,०००, लंडन मिडलंड अँड स्कॉटिशच्या क्रमांकांत ४०,००० आणि नॉर्थ ईस्टर्नच्या क्रमांकांत ६०,००० मिळवले गेले. ग्रेट वेस्टर्नवाल्यांचे क्रमांक मात्र होते तसेच राहिले; त्यांचे आकडे ओतीव पितळी पाट्यांवर होते आणि त्या मंडळींचा स्वाभिमानही ओतीवच होता.

दुसरी खूण चाकांपाशी आहे. हे इंजिन कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याच्या चाकांवर पत्र्याचा पडदा होता. युद्धाच्या काळात देखभालीला अडचण होते म्हणून हे पडदे उतरवले गेले. आपल्या चित्रात चाके आणि दांडे उघडे आहेत. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आज जे मॅलर्ड उभे आहे, ते पुन्हा निळा रंग, पडदा आणि ४४६८ हा क्रमांक देऊन सजवलेले आहे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना आपले चित्र म्हणूनच थोडे परके वाटेल.

टेंडरवरचा सिंह कसा आहे, ते मोठे करून सांगावे. तो चाकावर स्वार झालेला असेल तर १९५६ च्या आधीचा. मुकुटातून वर येऊन पंजांत चाक धरून असेल तर १९५६ च्या नंतरचा.

लेस्टरकर

मोठे करून पाहिले. सिंह मुकुटातून वर आलेला आहे आणि पंजांत चाक आहे. इंजिनाच्या तोंडावर खाली एक छोटी लंबगोल पाटीही आहे, तिच्यावर ‘३४ए’ असे वाचता येते.

आगवाला

३४ए म्हणजे लंडनच्या किंग्ज क्रॉसची लोको शेड. इंजिनाचे घर कुठले, ते ही पाटी सांगते. साल १९५६ च्या नंतरचे, आणि मॅलर्ड एप्रिल १९६३ मध्ये सेवेतून निघाले, म्हणजे खालची-वरची दोन्ही टोके मिळाली. आणखी एक गोष्ट पाहावी. साधारण १९६० पासून डोक्यावरच्या विजेच्या तारांचा इशारा देणाऱ्या, विजेचे चिन्ह असलेल्या छोट्या पांढऱ्या पाट्या इंजिनांवर लागू लागल्या. त्या इथे दिसत नाहीत. एखादी गोष्ट न दिसणे हा पुरावा दुबळा असतो, तरीही मी १९५६ ते १९६० असा काळ धरीन. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा आहे, अर्थात ही एक्स्प्रेस होती. साधी प्रवासी गाडी असती तर एकच दिवा धुराड्याच्या पायथ्याशी असता.

शंटर

वा! तरी लोक मागे १९३८ का लिहून ठेवतात?

अंधारखोली

कारण इंजिनाची कीर्ती त्या सालाची आहे. छायाचित्र हातात घेऊन नातवाला ‘हेच ते’ असे सांगताना आजोबांनी विक्रमाचे साल लिहिले असेल. छायाचित्र काढल्याचे साल लिहायचे त्यांच्या मनातही आले नसेल. मागच्या मजकुरावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कधी आणि कशाने लिहिला आहे, हे पाहिले पाहिजे. बॉलपेनने लिहिलेले ‘१९१०’ हे १९१० मध्ये लिहिलेले असूच शकत नाही.

दुसऱ्या चित्राचे काम त्या मानाने सोपे आहे. तिकिटावरचा राजा टकलाचा असून त्याचे तोंड उजवीकडे असेल, तर तो सातवा एडवर्ड. त्याची तिकिटे १९०२ पासून आली. पत्ता आणि मजकूर दोन्ही मागच्या बाजूला शेजारीशेजारी लिहिण्याची मुभाही ब्रिटनमध्ये १९०२ मध्येच मिळाली. पोस्टकार्डाचे अर्ध्या पेनीचे टपाल जून १९१८ मध्ये एक पेनी झाले. त्यामुळे मागची बाजू मधोमध विभागलेली असेल आणि राजा एडवर्डच असेल, तर कार्ड १९०२ ते साधारण १९११ मधले ठरते.

हे महाद्वार आता नाही. फिलिप हार्डविक यांनी लंडन–बर्मिंगहॅम रेल्वेसाठी १८३७ मध्ये ते उभे केले. १९६१-६२ मध्ये, कवी जॉन बेट्जेमन यांच्यासारख्या माणसांनी जिवाचे रान करूनही, ते पाडले गेले. त्याचे बरेचसे दगड पूर्व लंडनमधल्या एका कालव्याच्या तळातला खड्डा बुजवायला वापरले गेले होते, हे १९९४ मध्ये उघड झाले. आपले पोस्टकार्ड अगदी नेहमीचे, हजारोंनी छापलेले असेल. पण स्तंभांच्या बुंध्याशी उभ्या असलेल्या घोडागाड्या पाहाव्यात, म्हणजे त्या दगडांचे माप कळते.

प्रकाशकाचे नाव वाचून राहवत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. व्हॅलेंटाइन हे केवळ पोस्टकार्डवाले नव्हते. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा पूल गाडीसह कोसळला, तेव्हा चौकशी न्यायालयासाठी पडक्या खांबांची छायाचित्रे डंडीच्या याच व्यवसायाने काढली. प्रत्येक खांबाचे अवशेष, तुटलेल्या ओतीव लोखंडाचे तुकडे, लोंबणाऱ्या पट्ट्या, सगळे क्रमाने टिपले होते. सुमारे सव्वाशे वर्षांनी त्या छायाचित्रांच्या प्रती मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून अभियंत्यांनी पुन्हा तपासल्या, आणि खांबांना पट्ट्या जोडणारे ओतीव कान कसे तुटले होते, ते पडद्यावर वाचता आले. शोभेसाठी काढलेल्या छायाचित्रात इतका तपशील सहसा सापडत नाही. साक्षीसाठी काढलेल्यात सापडतो. आणि पाण्यात गेलेले ते इंजिन, क्रमांक २२४, बाहेर काढून दुरुस्त करून पुन्हा चालवले गेले. कामगारांनी त्याला ‘पाणबुड्या’ असे नाव ठेवले होते.

लेस्टरकर

राजाचे तोंड उजवीकडेच आहे आणि मागची बाजू विभागलेली आहे. विषयांतर मुळीच वाटले नाही. आमच्या लेस्टरमध्येही असा एक साक्षीदार होऊन गेला. एस. डब्ल्यू. ए. न्यूटन यांनी १८९० च्या दशकात ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या लंडनपर्यंतच्या मार्गाचे बांधकाम काचेच्या पाट्यांवर, म्हणजे त्या काळच्या निगेटिव्हवर, टिपून ठेवले. त्यांत इंजिने कमी आणि खोदकाम करणारे मजूर जास्त आहेत. फावडी टेकून उभे राहिलेले, झोपड्यांच्या दारात बायकामुलांसह बसलेले. तो मार्ग १८९९ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि १९६० च्या दशकात बराचसा बंदही पडला. म्हणजे मार्गाचे आयुष्य जेमतेम सत्तर वर्षांचे, आणि ते खोदणाऱ्यांचे चेहरे अजून टिकून आहेत.

तिसऱ्या चित्राबद्दल कोणी सांगेल का? मागे पांढरी पोकळी का असावी?

अंधारखोली

ते कारखान्याचे अधिकृत छायाचित्र आहे. इंजिन पूर्ण झाले की त्याला आधी करडा रंग देत, कधी तर छायाचित्रात येणाऱ्या एकाच बाजूला. त्यामागे साधे कारण होते. त्या काळच्या काचेच्या पाट्यांना तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. निळा मात्र जवळजवळ पांढरा होई. मिडलंड रेल्वेची सुरेख किरमिजी इंजिने जुन्या छायाचित्रांत कोळशासारखी काळी दिसतात, ती यामुळेच. गडद, चकचकीत रंगावर रिव्हेट, नळ्या, दांडे काहीच उठून दिसत नाही. सपाट करड्यावर सगळे दिसते. छायाचित्र झाले की करडा पुसून खरा रंग दिला जाई. मागची भिंत, शेजारचे डबे आणि उभी माणसे नको असल्यास पाटीवर रंग फासून ती झाकत, म्हणून छापल्यावर तिथे पांढरी पोकळी येते. आपल्या चित्रात धुराड्याच्या कडेला बारकाईने पाहिले, तर कुंचला किंचित घसरल्याचे दिसेल.

आगवाला

अंधारखोली यांनी सांगितलेल्या कडेवर खरोखरच कुंचला घसरला आहे! इंजिनाच्या बाजूला कारखान्याची पाटी कोणत्या आकाराची आहे?

लेस्टरकर

पत्त्यातल्या चौकटसारखी. अक्षरे वाचता येत नाहीत.

आगवाला

चौकट असेल तर ग्लासगोच्या दक्षिणेकडचा क्वीन्स पार्क कारखाना. १९०३ पूर्वी तो डब्ज यांचा होता. त्या वर्षी तीन कारखाने एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, तिने चौकट तशीच चालू ठेवली. गंमत अशी की हे इंजिन त्याच्या जन्मगावी कधीच रुळांवरून धावू शकले नसते. तिथले रूळ ४ फूट ८॥ इंचांचे आणि आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे ५ फूट ६ इंचांचे. त्यामुळे अशी इंजिने ग्लासगोच्या रस्त्यांवरून गाड्यांवर लादून, ओढत धक्क्यापर्यंत नेत. १९३० च्या दशकापासून क्लाइड नदीकाठची फिनिस्टनची १७५ टनी क्रेन ती उचलून जहाजावर ठेवू लागली. शहराच्या रस्त्यातून जाणाऱ्या इंजिनांची आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या पोरांची छायाचित्रेही आहेत. मला ती करड्या अधिकृत छायाचित्रांपेक्षा केव्हाही जास्त आवडतात.

कुर्डुवाडीकर

इतका वेळ वाचत होतो, पण चौथ्या चित्राने उडालोच. हे ब्रिटन नव्हे. ही आमची बार्शी लाइट, कुर्डुवाडी-बार्शीकडची अरुंद रुळांची रेल्वे आहे. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते आणि आमच्या ओसरीवर या गाडीचे छायाचित्र टांगलेले असे. तोच कपाळावरचा दिवा, तेच व्हरांड्याचे डबे, आणि इंजिनाला एका बाजूने सहा चाके, मी मोजली. कोणीतरी गोरा अधिकारी निवृत्त होऊन परतताना छायाचित्र बरोबर घेऊन गेला असणार.

शंटर

दिव्याचे म्हणणे पटते. विलायती इंजिनांना असा मोठा दिवा कुठे असतो? तिथले छोटे तेलाचे दिवे गाडीचा प्रकार सांगण्यापुरते.

आगवाला

शंटर यांचे निरीक्षण योग्य आहे. ब्रिटनमध्ये मार्गाला दुतर्फा कुंपण असल्यामुळे पुढे उजेड पाडायची गरज मानली जात नसे. पण कुर्डुवाडीकर, चाके पुन्हा मोजावीत, आणि या वेळी लहान-मोठी वेगळी मोजावीत. बार्शीच्या सुरुवातीच्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार लहान चाके होती. म्हणजे एका बाजूने चार मोठी, दोन लहान. या चित्रात पुढे एक लहान, मग तीन मोठी, मग दोन लहान आहेत. बेरीज दोन्हीकडे सहाच, म्हणून फसगत झाली.

अंधारखोली

आणि कोपऱ्यातला डाग ओलीचा नाही. ओलीच्या डागाला बाहेरून पिवळसर कडा येते आणि तो कागदावर पसरत गेलेला असतो. याची खालची कड धारदार आहे, वर कमान आहे. ही वस्तू छायाचित्रातली आहे.

मैलाचा दगड

ती गुहा आहे! थॉरची गुहा, स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात. चुनखडीच्या कड्यात सुमारे दहा मीटर उंचीचे तोंड. मी तिथे अनेकदा चढून गेलो आहे. म्हणजे ही गाडी लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेची, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, जेमतेम आठ मैल. जून १९०४ मध्ये सुरू झाली, मार्च १९३४ मध्ये बंद पडली.

मात्र कुर्डुवाडीकरांची नजर चुकली असे म्हणणे अन्यायाचे होईल. बार्शी लाइट उभी करणारे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हेच या मार्गाचेही अभियंता होते. अडीच फुटी रुळांवर खरी, नफ्यात चालणारी रेल्वे उभी करता येते, हे सिद्ध करणे हा त्यांचा ध्यास होता. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू नये, म्हणजे हलके रूळ चालतात, असे त्यांचे गणित होते. बार्शीची गाडी भारतात पाठवण्यापूर्वी त्यांनी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून ती लोकांना दाखवली होती. बार्शी रोड म्हणजे आपले कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंतचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे तो पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. मॅनिफोल्डची वेळ आली तेव्हा कॅल्थ्रॉप यांनी इंजिने लीड्सच्या त्याच किटसन कारखान्यातून घेतली, आणि बार्शीच्या अंधाऱ्या माळरानासाठी योग्य असलेला तो दिवा स्टॅफर्डशायरच्या खोऱ्यातही आला. थोडक्यात, सोलापूर जिल्ह्याने इंग्लंडला दिलेली ही रेल्वे आहे. उलट दिशेची उदाहरणे पुष्कळ सापडतील, या दिशेची फारशी नाहीत.

डबे मूळचे फिकट पिवळे होते. अंधारखोली यांनी पाट्यांबद्दल सांगितलेले लक्षात घेतले, तर ते इथे करडे का दिसतात तेही कळते. बाईंची टोपी १९२० च्या दशकातली वाटते. गाडीच्या शेवटी काहीतरी बेढब उंच दिसते आहे, ते पाहावे: मोठ्या मापाची अख्खी वाघीण (मालडबा) बुटक्या नॅरोगेज गाडीवर चढवलेली असणार. एक्टनच्या दूधकेंद्राचे दूध लंडनला जाई, आणि वॉटरहाउसेसला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्याचा त्रास वाचावा म्हणून कॅल्थ्रॉप यांनी ही युक्ती काढली होती.

कुर्डुवाडीकर

चाके मोजली. पुढे एक लहान आहे. माघार घेतो, आणि इतक्या आनंदाने आजवर कधी माघार घेतली नव्हती. आजोबा आषाढीच्या गाड्यांबद्दल सांगत: टपावर वारकरी, दाराच्या दांड्यांना वारकरी, आणि सांगोल्याकडून येणाऱ्या गाडीचा दिवा मैलभर आधी दिसे. तो दिवा एका इंग्रज खोऱ्यात, असल्या टोपीच्या बाईंच्या मागे उभा असेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. आमचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला. तिकडचे काय झाले?

मैलाचा दगड

रूळ काढून १९३७ मध्ये पायवाट केली. आता सायकली जातात; एका बोगद्यातून मोटारीही जातात.

लेस्टरकर

रविवारी जाऊन आलो. वेटन मिलपासून चालत निघालो, हातात छायाचित्राची मोठी प्रत होती. नदीचे पात्र कोरडे होते. उन्हाळ्यात तिचे पाणी चुनखडीतून जमिनीखाली जाते, असे तिथल्या फलकावर वाचले. थॉरच्या गुहेखालच्या थांब्याची जागा सापडली, पण गाडीच्या बाजूने झाडे इतकी वाढली आहेत की गुहेचे तोंड दिसेना. पन्नासेक पावले मागे आलो, तेव्हा फांद्यांच्या फटीतून ती कमान नेमकी उजव्या कोपऱ्यात आली. छायाचित्रकार तिथेच उभा असणार, कारण दोन पावले इकडेतिकडे झाली की कड्याची कड बदलते.

घरी येऊन चित्र ४ पुन्हा स्कॅन केले, या वेळी २४०० डीपीआयवर. गाडीच्या शेवटी मोठी वाघीणच आहे, तिच्यापुढे सगळे डबे खेळण्यासारखे दिसतात. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवर नावाची पाटी आहे. या मार्गावर दोनच इंजिने होती, ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’ आणि ‘जे. बी. अर्ल’. पाटीच्या पहिल्या भागावर ड्रायव्हरची सावली पडली आहे, पण शेवटचे अक्षर स्वच्छ आहे, आणि ते इंग्रजी ‘पी’ आहे.

कुर्डुवाडीकर, आपला पत्ता निरोपातून कळवावा. या चित्राची एक प्रत आपल्या ओसरीसाठी पाठवतो.

कुर्डुवाडीकर

कळवला आहे. आजोबांच्या छायाचित्राशेजारचा खिळा रिकामाच आहे.